दाराकडे तोंड केलेले बूट

कोण घरात आहे आणि कोण बाहेर, हे त्सुनेकोला कधी कुणाला विचारावं लागत नसे. दारातून आत शिरलं की खालच्या फरशीवर, जिथं सगळे पायातलं काढून वर चढतात, तिथं बुटांचं कपाट होतं. माणसं खोटं बोलतात, कपाट बोलत नाही, असा तिचा चाळीस वर्षांचा अनुभव होता. पाहुण्याचे शहरी बूट कपाटात नसले तर तो गावात नाहीतर स्टेशनात. शहरी बूट कपाटात आणि मागच्या वाळवणीच्या खोलीतून स्नोबोर्डचे जाडजूड बूट मात्र गायब, तर तो डोंगरावर. एवढं साधं गणित. कोमाया हे तिचं लॉज म्हणजे मोठं हॉटेल नव्हे, घराच्याच सात-आठ खोल्या. पण जपानातल्या मियोको डोंगराच्या त्या उतारावर हिवाळाभर एक खोली रिकामी नसे आणि हे गणित एकदाही चुकलं नव्हतं.

त्या गुरुवारी ते गणित तिला सांगत होतं की हिबिनो डोंगरावर आहे.

हिबिनो हा नागोयाहून आलेला पोरगा. पोरगा म्हणायचं, तिशी उलटली होती, पण फळी पायाला बांधून घसरायला येणारे सगळे त्सुनेकोच्या लेखी पोरंच. उंच, हसरा, जेवताना भात तीनदा मागणारा. पहिल्याच संध्याकाळी त्यानं आपला सगळा बेत ताटावर मांडला होता. आठवडाभर डोंगर, आणि निघायच्या आधी रविवारी खालचं ताकादा शहर. "नुसती फळी घेऊन यायचं आणि फळी घेऊन जायचं, यात काय मजा? शहरही बघितलं पाहिजे ना, काकू!" त्सुनेको मूळची ताकादाची. तिला बरं वाटलं होतं. कुठल्या गल्लीत वळायचं, कुठं गरम शेवया खायच्या, कुठलं दुकान नुसतं बाहेरून चांगलं दिसतं आणि आत लुटतं, हे तिनं त्याला वाढता वाढता सांगितलं होतं. पण ते रविवारचं.

बुधवारी रात्री जेवताना त्याच तोंडानं त्यानं दुसरंही विचारलं होतं. "मागच्या दरीत म्हणे कमरेएवढा ताजा बर्फ असतो?"

"असतो," त्सुनेको म्हणाली होती, "आणि माणसंही असतात त्याच्याखाली. गस्तीवाल्यांनी बांधलेल्या दोरीच्या पलीकडे पाय टाकायचा नाही."

तो हसला होता. हसला म्हणजे ऐकलं असं नव्हे, हे तिला कळायला हवं होतं.

गुरुवारी सकाळपासून बर्फ आडवा पडत होता. दुपारी दोनलाच लिफ्ट बंद झाल्या. एकेक करून फळीवाले ओलेचिंब परतले, न्हाणीतल्या गरम कुंडात बुडाले, लाल होऊन बाहेर आले. हिबिनो आला नाही. अंधार पडायला लागला तशी त्सुनेको कपाटाशी गेली. त्याचे पांढरे कापडी बूट वरच्या कप्प्यात होते. वाळवणीच्या खोलीत त्याचा खुंटा रिकामा, खालची जागाही रिकामी. ना फळी, ना फळीचे बूट. पाहुण्यांनी बर्फातून गावात जाताना घालायचे लॉजचे रबरी बूट भिंतीशी ओळीत उभे होते. तिनं त्यावरूनही नजर फिरवली. एक जोडही कमी नव्हता.

तिनं फोन लावला. फोन वरच्या मजल्यावर वाजला. ती जिना चढून गेली, तर महाराजांचा फोन उशाशी चार्जिंगला लावलेला.

"फोन घरात ठेवून डोंगरावर जातात," ती त्या फोनलाच म्हणाली. "अक्कल कुठं ठेवतात कोण जाणे."

मग तिनं डोंगरावरच्या गस्तीच्या चौकीला कळवलं. चौकीत तिचा मुलगा क्योहेई होता. दरीचं नाव तिनं उच्चारलं तेव्हा त्यानं ते पुन्हा एकदा वदवून घेतलं.

अकरा वर्षांपूर्वी हेच झालं होतं. असाच बर्फ होता, आणि असाच एक शहाणा दोरी ओलांडून गेला होता, तोक्योचा. त्सुनेकोचा नवरा इवाओ तिघांबरोबर त्याला शोधायला त्या दरीत उतरला आणि वरच्या उतारावरचा बर्फ सुटून खाली आला. तिघं वर आले, इवाओ दुसऱ्या दिवशी सापडला. तो शहाणा एका सुरूच्या झाडाखाली चॉकलेट चघळत बसलेला मिळाला. हाताचं एक बोट गेलं त्याचं, बस. अंत्यविधीला आला, जमिनीवर डोकं टेकून रडला. मग दर नवीन वर्षाला त्याचं कार्ड यायचं, 'आपल्या कृपेनं सुखरूप आहे' असं. पाचसहा वर्षांनी कार्डं बंद झाली. कार्डं यायची तेव्हा त्सुनेकोला संताप यायचा, आणि बंद झाली तेव्हा त्याहून जास्त आला.

साडेपाचच्या सुमाराला कोमायाच्या दारात गाव जमलं. असं कुणी ठरवलेलं नसतं, पण ज्याच्या घरचा पाहुणा हरवतो त्याच्या दारात सगळे येतात. आग विझवणाऱ्या पथकातले पुरुष डोक्याला दिवे बांधून, गस्तीचा प्रमुख मारुयामा हातात नकाशा घेऊन, आणि बायका आपापल्या घरचा भात घेऊन. शोधायला गेलेल्यांसाठी भाताचे मुटके वळायचे, ही तिथली रीत. शेजारची फुसाए सगळ्यात आधी आली आणि आल्या आल्या स्वयंपाकघराचा ताबा घेऊन बसली.

मारुयामा म्हणाला, "पोलीस म्हणतात, उजाडल्यावर. या वाऱ्यात हेलिकॉप्टरचं नावच काढू नका."

"उजाडेपर्यंत थांबलं तर शोधायचं काय, उचलायचंच राहील," क्योहेई म्हणाला. तो चौकीवरून थेट खाली आला होता, भुवयांवर बर्फ. "माथ्यापर्यंत गाडीनं जाऊ. तिथून मी आणि दोघं दोर बांधून दरीच्या तोंडापर्यंत उतरतो. हाका मारतो, दिवे दाखवतो. त्यापुढे नाही जात."

"तुझा बापही त्यापुढे जाणार नव्हता," मारुयामा म्हणाला. म्हणून झाल्यावर त्यानं नकाशाकडे बघितलं.

क्योहेई आईकडे वळला. "आपल्या घरचा पाहुणा आहे ना, आई."

आता इथं दुसरी कुठलीही आई असती तर तिनं मुलाचा हात धरला असता. 'नको जाऊस, मरू दे त्याला' असं म्हणाली असती, आणि कुणी तिला नावं ठेवली नसती. त्सुनेकोच्याही अगदी ओठांवर आलं होतं. पण ती कोमायाची मालकीण. तिनंच फोन केला होता, तिच्याच कपाटानं साक्ष दिली होती, तिच्याच घरातल्या माणसासाठी गावातले पुरुष आपापली गरम जेवणं टाकून आले होते. दुसऱ्यांच्या मुलांना पाठवायचं आणि आपलं पदराखाली ठेवायचं, हे तिला जमणारं नव्हतं.

"येतो, आई."

"ये," ती म्हणाली. नुसतं एवढंच. आणि ते सगळे अंधारात दिसेनासे होईपर्यंत दारात उभी राहिली.

मग स्वयंपाकघरात मुटके सुरू झाले. हात मिठाच्या पाण्यात बुडवायचे, भात घ्यायचा, मधे खारवलेलं आंबट उमेचं फळ दाबायचं, वळायचं. त्सुनेको इतक्या जोरानं वळत होती की फुसाएनं तिच्या हातातला मुटका काढून घेतला.

"अगं, भात आहे तो. त्या पोराची मान नव्हे."

"मान सापडली तर तीही वळते."

"सापडेल गं. फळीवाले मरत नाहीत. मरतात ते आपले."

बोलून गेली आणि फुसाएनं जीभ चावली. पण त्सुनेकोला राग आला नाही, कारण ते खरंच होतं. तिला राग वेगळाच येत होता. हे लोक येतात कसे? डोंगर म्हणजे यांना बागेतली घसरगुंडी वाटते. पैसे दिले, चढलो, घसरलो. दोरी कुणी बांधली, का बांधली, तिच्यासाठी कोण मेलं, कशाचं काही नाही. आणि हरवले की आपले लोक धावणार, हेही यांनी खोलीच्या भाड्यात धरलेलं असतं. हिबिनोचं जेवणाचं ताट तिनं झाकून ठेवलं होतं, तळलेला मासा, लोणचं, सगळं. त्या ताटाकडे बघूनही तिच्या अंगाचा तिळपापड होत होता, पण झाकण मात्र तिनं पुन्हा एकदा नीट बसवलं.

भिंतीवरच्या बिनतारी यंत्रातून मधेच मारुयामाचा आवाज येई. माथ्यावर पोचले. उतरले. मग दरीतून काहीच ऐकू येत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. वाऱ्यानं छपरावरचा बर्फ धप्पकन खाली आला की सगळ्या बायका दचकत, आणि दचकलो नाही असं दाखवत पुन्हा भातात हात घालत.

साडेसातला खालच्या स्टेशनावरून शेवटची बस आली. तिचे दिवे खिडकीवरून सरकले. कुणी लक्ष दिलं नाही. मग बाहेर कुणीतरी पायांवरचा बर्फ झटकला, दार सरकलं आणि मोठ्या खुशीतला आवाज आला.

"आलो बरं का!"

फुसाएच्या हातातला मुटका खाली पडला. हिबिनो दारात उभा होता. टोपीवर बर्फ, गाल लाल, हातात दुकानाच्या दोन पिशव्या.

"काकू, काय शहर आहे हो तुमचं!" तो तिथूनच सुरू झाला. "रविवारपर्यंत थांबवलंच नाही. सकाळी बघितलं, डोंगर दिसतच नव्हता, म्हटलं आज शहरच करून टाकू. आणि फोनही मुद्दाम नाही नेला. एक दिवस तरी फोनशिवाय फिरावं माणसानं, नाही का? त्या सगळ्या घरांपुढच्या लाकडी छपरांखालून नुसता चालतोय, चालतोय! बाहेर पुरुषभर बर्फ, आणि आपण कोरडे! एका आजीनं आत बोलावून चहा दिला. तुम्ही सांगितलेल्या शेवया खाल्ल्या. दोनदा! आणि हे बघा, सगळ्यांसाठी तांदळाचे गोड दांगो आणलेत, बांबूच्या पानांतले..."

इथं त्याला दिसलं की कुणीच हसत नाहीये. ओट्यावर मुटक्यांचा डोंगर, भिंतीशी जास्तीचे दोर, सातआठ बायका हात भाताचे घेऊन त्याच्याकडे बघताहेत.

"काय झालंय?" त्यानं हळूच विचारलं. "कुणी हरवलंय का?"

"हो," फुसाए म्हणाली. "तू."

यंत्राकडे पहिली धावली ती फुसाएच. "मारुयामा! सापडला! डोंगरात नाही रे, दारात सापडला! शेवया खाऊन आलाय! बोलव सगळ्यांना मागं!" यंत्र खरखरलं. मारुयामा आधी जे बोलला ते लिहिण्यासारखं नाही. मग म्हणाला की दरीत आवाज पोचत नाही, माथ्यावरून माणूस खाली पाठवतो.

त्सुनेकोनं चाळीस वर्षांत एकाही पाहुण्यावर आवाज चढवला नव्हता. दारूच्या नशेत जिन्यावरून गडगडलेल्यावर नाही, सगळ्यांच्या कुंडात साबण घेऊन उतरलेल्यावर नाही. आता तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

"तुझी फळी कुठंय?"

"फळी? ती... लिफ्टपाशी दुकान आहे ना, तिथं काल संध्याकाळीच ठेवली. कड बोथट झाली होती. फळीचे बूटही तिथंच कपाटात..."

"मला सांगितलंस?"

"नाही, म्हणजे... त्यात सांगण्यासारखं..."

"शहरात जातो म्हणून सांगितलंस?"

"मी 'जाऊन येतो' म्हणालो होतो की, काकू. तुम्ही 'या' म्हणालात."

"जाऊन येतो! कुठं जाऊन येतो? जिभेला काय हाड होतं, अजून एक शब्द बोलायला? आवडली ना ती छपरं? माझं माहेर आहे ते. त्या छपरांखालची जमीन कुणाची आहे, ठाऊक आहे तुला? सरकारची नाही. ज्याचं घर त्याची. एकेका घरानं आपल्या अंगणातली पट्टी सोडली, आपल्या पैशानं छप्पर घातलं, का तर अनोळखी माणसानं भिजू नये! माझ्या बापानं सोडली होती. तू दिवसभर दुसऱ्यांच्या जमिनीवरून कोरडा चालत आलास, आणि तुला एक शब्द सोडवला नाही? माझा मुलगा आहे त्या दरीत! माझा!"

हिबिनोच्या हातातल्या पिशव्या खाली गेल्या. "मी जातो," तो पुटपुटला, "मी आत्ता वर जातो, मी शोधतो त्यांना..."

"बस खाली!" फुसाए कडाडली. "आता तुला शोधायला आणखी माणसं कुठून आणू? गावातले संपले!"

तो मटकन बसला. पायातलं काढायला वाकला, आणि तेव्हा त्सुनेकोची नजर पहिल्यांदा त्याच्या पायांकडे गेली.

काळे, उंच रबरी बूट. टाचेवर जुनं ठिगळ. शहरातला राखाडी चिखल त्यावर थापलेला.

ती कपाटाकडे वळली. कपाटाच्या सगळ्यात खाली, छत्र्यांच्या मागं एक कोपरा होता. तिथं इवाओचे बूट असायचे. शेवटच्या दिवशी तो जड बूट घालून डोंगरावर गेला होता आणि तिनं हे रबरी बूट पुसून, तोंड दाराकडे करून ठेवले होते, सकाळी दारातला बर्फ काढायला त्याला लगेच पाय घालता यावेत म्हणून. ते तसेच राहिले. तिथं कुणी हात लावायचा नाही हे घरात सगळ्यांना माहीत होतं. आणि खुद्द त्सुनेकोची नजर तिथं पोचायच्या आधीच वळायची. झाडू फिरायचा, नजर नाही.

कोपरा रिकामा होता. सकाळपासूनच असणार.

"हे..." तिनं बुटांकडे बोट केलं. "हे कुणाला विचारून घातलेस?"

आणि हिबिनो, तो मूर्ख, प्रामाणिक पोरगा, मान खाली घालून म्हणाला, "तुम्हालाच विचारलं होतं, काकू. माझे कापडी बूट ओले होते, आणि तुमचे पाहुण्यांचे सगळे लहान पडत होते मला. हे एवढेच बसले. तुम्ही आत होतात. मी ओरडून विचारलं, 'खालच्या कोपऱ्यातले बूट घेऊ का?' तुम्ही म्हणालात, 'घ्या, घ्या!'"

ओट्याशी एका बाईनं हातातला अर्धा मुटका परत भातात ठेवला.

त्सुनेकोला आठवलं. सकाळी ती न्याहारीची ताटं भरत होती. दारातून काहीतरी आवाज आला होता. पाहुण्याचा आवाज आला की तिच्या तोंडून 'घ्या, घ्या' आपोआप निघतं, चाळीस वर्षांची सवय. काय मागतोय ते कानात शिरायच्या आधी जीभ देऊन मोकळी होते. म्हणजे त्यानं विचारलं होतं. तिनं दिले होते. आणि संध्याकाळी तिनं सगळं कपाट तपासलं, वाळवणीची खोली तपासली, भिंतीशी लावलेली ओळ तपासली, गाव गोळा केलं, मुलाला दरीत पाठवलं, आणि हातभर अंतरावरचा तो एक कोपरा तेवढा बघितला नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो असा.

फुसाए तिच्याकडे बघत होती. तिला सगळं कळलं होतं, आणि त्सुनेकोला तिचा त्या क्षणी हिबिनोपेक्षा जास्त राग आला.

"काढ ते," ती हिबिनोला म्हणाली. "आणि तिथंच बस. मुलगा येईपर्यंत वर पाय टाकायचा नाही."

तो त्या गार फरशीवर गुडघे मोडून बसला. दांगोच्या पिशव्या शेजारी. कुणीतरी त्याला मुटका द्यायला गेलं तर फुसाएनं हात मधे घातला. "तो जेवलाय. दोनदा."

मुटके वळून झाले तरी बायका गेल्या नाहीत. त्सुनेको दारात आणि यंत्रापाशी येरझारा घालत होती. इवाओच्या वेळी ती इथंच अशीच चालली होती, आणि तेव्हा तिच्याजवळ शिव्या घालायला एक शहाणा तरी होता. आता तो होताच समोर, पण त्याला घातलेली प्रत्येक शिवी अर्धी तिच्याकडेच परत येत होती. घ्या, घ्या. मुलगाही घ्या. आधी नवरा घेतलात, आता मुलगाही घ्या!

शेवटी यंत्र खरखरलं. "तिघंही माथ्यावर आलेत," मारुयामा म्हणाला. "क्योहेईला थोडा बर्फ लागला. चालतोय, चालतोय तो! त्सुनेको, ऐकतेस ना?"

"ऐकतेय रे ती, ऐकतेय!" फुसाए यंत्रात ओरडली.

क्योहेई आला तेव्हा त्याचा एक कान मेणासारखा पांढरा होता आणि डावा हात त्यानं जाकिटात खुपसलेला होता. दरीच्या तोंडाशी, दोर बांधलेला असताना, वरून बर्फाची एक पट्टी सुटली आणि त्याला कमरेपर्यंत गाडून पुढे गेली. दोराच्या दुसऱ्या टोकाला दोघं नसते तर पुढचं सांगायला कुणी नव्हतं. हे त्यानं सांगितलं नाही, त्या दोघांनी सांगितलं. हिबिनोनं कपाळ फरशीला टेकवलं होतं आणि त्याच्या तोंडून 'माफ करा' एवढंच पुन्हा पुन्हा येत होतं.

क्योहेईनं त्याच्याकडे बघितलं. "ऊठ," तो म्हणाला. "जिवंत आहेस ना? मग ऊठ. मला बसायला जागा दे."

तो पायरीवर बसून बूट काढायला लागला आणि थांबला. फरशीच्या मधोमध, दिव्याखाली, त्याच्या बापाचे बूट ओले उभे होते.

"हे कुणी घातले?"

हिबिनो भिंतीकडे सरकला.

"आई, हे कुणी घातले?"

"त्यानं," त्सुनेको म्हणाली. "मीच दिले."

क्योहेई हसला, आणि ते हसणं काही चांगलं नव्हतं. "बाबा गेले त्याच्या पुढच्या हिवाळ्यात मी मागितले होते. माझे फाटले होते. आठवतं? तू माझ्या हातातून ओढून घेतलेस. महिनाभर बोलली नाहीस माझ्याशी. मी पोरगा त्यांचा! आणि नागोयाहून कुणी येतो, त्याला घ्या, घ्या? कुठं, तर शेवया खायला?"

"आवाज खाली कर," फुसाए म्हणाली, पण तिच्या बोलण्यात दम नव्हता.

"करतो ना खाली. इथं सगळ्यांचेच आवाज खाली. अकरा वर्षं त्या कोपऱ्यात एक माणूस उभा करून ठेवलाय हिनं, आणि आम्ही सगळे आवाज खाली करून त्याच्या बाजूनं जातो. आज मी तिथं वर गाडलो गेलो होतो, आई. तेव्हा मला काय वाटलं माहितीये? आता माझेही बूट ठेवशील तिथं. शेजारी. दाराकडे तोंड करून."

त्सुनेकोला वाटलं, त्याच्या थोबाडीत द्यावी. हात उचललाही गेला. मग तो त्याच्या पांढऱ्या कानावर गेला आणि तिथंच राहिला, कारण कान बर्फासारखा गार होता आणि तो चोळून गरम करायला कुणीतरी हवं होतं. चोळायचा नसतो, नुसता हात ठेवायचा असतो, हे तिला इवाओनंच शिकवलं होतं.

रागावलेल्या माणसाला काम द्यावं लागतं. सगळे पांगल्यावर तिनं जुनी वर्तमानपत्रं आणली, बोळे केले आणि ते इवाओच्या बुटांत ठासून भरले, ओल शोषून घ्यायला. टाचेचा चिखल काढला. तोंडानं शिव्या चालूच होत्या; थोड्या हिबिनोला, थोड्या त्या कार्डवाल्याला, आणि बऱ्याचशा इवाओला, जो येतो म्हणून गेला होता.

सकाळी आभाळ स्वच्छ झालं. हिबिनो दांगोचे डबे घेऊन घरोघर निघाला, प्रत्येक दारात वाकून माफी मागायला. वाट दाखवायला फुसाए पुढे. दांगो पुरले नाहीत, म्हणून शेवटच्या चार घरांत तो नुसताच वाकला, आणि त्या घरांनी म्हणे त्याला बसवून जेवू घातलं. आपले लोक हे असे. त्सुनेकोला ऐकून पुन्हा संताप आला.

क्योहेई चौकीवर निघाला. कानाला पट्टी, हाताला पट्टी. कुणाशी न बोलता तो दाराशी आला. खाली फरशीवर, तोंड दाराकडे करून, कोरडे झालेले बूट ठेवलेले होते.

"घाल," त्सुनेको मागून म्हणाली.

तो वळला नाही. "कशाला? आणि परत ओढून घ्यायला?"

"कोपऱ्यात असले की मी त्यांच्याकडे बघत नाही. आणि न बघता काय होतं ते काल बघितलं. तुझ्या पायात असले तर रोज बघीन. गेले की कळेल, आले की कळेल. घाल म्हणते ना! की लहान होतात?"

त्यानं पाय घातला. दुसरा घातला. जागच्या जागी दोनदा आपटला.

"नाही होत," तो म्हणाला. मग दार सरकवून, "येतो, आई."

"चौकीवरून सरळ घरी. मधे कुठं गेलास तर फोन कर. नाव घेऊन सांग, अमुक ठिकाणी जातोय म्हणून. ऐकलंस?"

त्या संध्याकाळी लिफ्ट बंद झाल्यावर त्सुनेको कपाटाशी गेली आणि सगळ्यात आधी खाली वाकून तो कोपरा बघितला. रिकामा होता. ती स्वयंपाकघरात गेली, परत आली, पुन्हा बघितलं. रिकामा. तिसऱ्यांदा ती आली तेव्हा कोपरा रिकामाच होता, पण बूट फरशीच्या मधोमध पडलेले होते. ओले, एक उभा, एक आडवा, तोंडं घराकडे, जसे इवाओ काढायचा तसेच.

"क्योहेई!" ती वरच्या मजल्याकडे बघून ओरडली. "बूट नीट लावायला तुझा बाप येणार आहे का?"

वर दार सरकल्याचा आवाज आला. ती खाली वाकली आणि तिनं ते बूट उचलून, पुसून, दाराकडे वळवून ठेवले.